गुलाबी झालं का गुलाबी?

आज जायचंय बारावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये. प्रॅक्टिकलचे ३० मार्क, आणि त्यातले बरेचसे एका थेंबावर लटकलेले.

टायट्रेशन. वर ब्युरेटमध्ये जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. थेंब थेंब सोडायचं, फ्लास्क हलवत राहायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. माझा पहिलाच थेंब पडला आणि फ्लास्क गुलाबी! मी खुशीत रीडिंग लिहिलं: ०.१ मिली. शेजारच्याचं १०.२. सरांनी वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग परत वही बघितली.

झालं असं, की ही रिॲक्शन सुरुवातीला भलतीच आळशी. म्हणून ॲसिड आधी ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं असतं. मी केलंच नव्हतं. आता खरी गंमत. परमँगनेटमधलं मँगनीज +७ असतं, ते इलेक्ट्रॉन घेऊन +२ होतं आणि रंग जातो. हेच +२ मँगनीज मग पुढच्या रिॲक्शनला ढकलतं, म्हणजे कॅटॅलिस्ट घरचाच. ऑटोकॅटॅलिसिस! मिरवणुकीत पहिला नाचायला कोणी तयार नसतो, एकदा एक उतरला की मग आवरत नाहीत, तसं. ऑक्झॅलिक संपलं की जादाच्या थेंबाचा रंग घालवायला कोणी उरत नाही, म्हणून वेगळा इंडिकेटर लागत नाही.

व्हायवाचा लाडका प्रश्न: सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण परमँगनेट क्लोराइडलाही सोडत नाही, त्यातून क्लोरिन काढतं. परमँगनेट जास्त खर्च, रीडिंग फुगलं.

माझी पुढची रीडिंग्ज १०.४, १०.९, १०.३. पण जर्नलला हवं कॉन्स्टंट रीडिंग, म्हणून सगळ्यांसारखं मीही लिहिलं १०.२, १०.२, १०.२. परीक्षेतही तेच केलं. एक्स्टर्नल आले, म्हणाले, "ब्युरेट दाखव." ब्युरेट १०.९ वर उभा होता. वरून विचारलं, "मेनिस्कस कुठला वाचलास, वरचा की खालचा?" गडद द्रावणात खालचा दिसत नाही, वरचाच वाचतात, हे मला येत होतं. तेवढं सांगितलं. रीडिंगबद्दल मात्र गप्प बसलो, आणि तेही काही बोलले नाहीत. ते मौन अजून आठवतं, शपथ.

घरी आलो तर बोटं तपकिरी. मँगनीज डायऑक्साइड, साबणाला दाद देत नाही. ते घालवतं कोण? तेच ऑक्झॅलिक ॲसिड. पण बोटं बुडवू नका हां, विषारी आहे. काही दिवसांत आपोआप जातात.