ओवऱ्यांच्या सावलीतील विद्यापीठ

उत्तर इटलीतील बोलोन्या नगरीत विद्यापीठ पाहण्यासाठी आलेला प्रवासी प्रथम गोंधळून जातो. येथे महाद्वार नाही, कोट नाही, विस्तीर्ण प्रांगण नाही. परंपरेने १०८८ हे स्थापनावर्ष सांगणारे आणि युरोपातील सर्वांत जुने मानले जाणारे हे विद्यापीठ आहे तरी कोठे, असा प्रश्न त्याला पडतो. त्याचे उत्तर असे की, आरंभीची सुमारे पावणेपाचशे वर्षे या विद्यापीठाला अध्यापनासाठी स्वतःची अशी एक वास्तूच नव्हती.

रोमन कायद्याच्या अध्ययनासाठी दूरदूरच्या देशांतून तरुण येथे येत. परक्या नगरात परस्परांचा आधार असावा म्हणून ते आपापल्या प्रांतांचे संघ स्थापन करीत आणि वर्गणी काढून गुरू नेमीत. उशिरा येणाऱ्या गुरूला विद्यार्थी दंड करीत. घंटा झाल्यावरही शिकवीत राहणाऱ्याची तीच गत होई! वर्ग भरत ते गुरूच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत.

या गर्दीची खूण नगराच्या रस्त्यांवर उमटली आहे. राहण्याची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा घरमालकांनी वरचे मजले रस्त्याकडे पुढे काढले आणि त्यांना खालून खांबांचा आधार दिला. अशा रीतीने ओवऱ्या निर्माण झाल्या. १२८८ साली नगरसभेने त्या बांधणे व राखणे कायद्यानेच बंधनकारक केले. आज त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

मुख्य चौकातील सान पेत्रोनियोच्या भव्य चर्चशेजारी आर्किजिन्नासिओ ही इमारत उभी आहे. विद्यापीठाचे विखुरलेले वर्ग एकत्र आणण्यासाठी ती १५६२-६३ मध्ये बांधण्यात आली. तिच्या भिंती व छत विद्यार्थ्यांच्या हजारो कुलचिन्हांनी भरून गेले आहेत. राजवाड्यात राजांची चिन्हे असावीत, येथे शिष्यांची आहेत. १८०३ साली विद्यापीठ येथून हलले. आता या वास्तूत नगराचे ग्रंथालय आहे.

याच इमारतीत शरीरविच्छेदनाचे दालन आहे. सतराव्या शतकातील हे लाकडी दालन म्हणजे कोरीवकामाचा उत्तम नमुना. अध्यापकाच्या आसनावरील छत्र त्वचाविरहित मानवाच्या दोन काष्ठमूर्तींनी तोलून धरले आहे. परंतु २९ जानेवारी १९४४ रोजी झालेल्या बॉम्बवर्षावात हे दालन उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यातून हाती आलेले तुकडे जपून ठेवण्यात आले, आणि युद्धानंतर त्यांतूनच ते पुन्हा उभारण्यात आले. प्रवासी आज पाहतो ते हे पुनरुज्जीवित दालन होय.

त्या युद्धाची आठवण मुख्य चौकातही आहे. तेथील भिंतीवर प्रतिकारलढ्यात प्राण वेचणाऱ्या दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची छायाचित्रे लावलेली आहेत. त्या रणभूमीशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्याच्या पूर्वेस, सेनियो नदीच्या काठी, मराठा पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना वाहून आणले आणि शत्रूची मशीनगनची ठाणी नष्ट केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर बाराव्या दिवशी बोलोन्या मुक्त झाले.

चौकातून पूर्वेकडे गेले की नगराचे दोन जुळे मनोरे दिसतात. उंच आसिनेल्ली सुमारे ९७ मीटरचा, तर ठेंगणा, कललेला गारिसेंदा सुमारे ४८ मीटरचा. गारिसेंदाच्या स्थैर्याविषयी चिंता वाटू लागल्याने २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्या भोवतीचा भाग बंद करण्यात आला आणि त्याला सावरण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथूनच झांबोनी नावाचा रस्ता सुरू होतो. १८०३ साली विद्यापीठ ज्या पोज्जी प्रासादात गेले, तो याच रस्त्यावर आहे. परंतु प्रासाद पाहण्यापूर्वी प्रवाशाने ओवरीत क्षणभर थांबावे. खांबांना टेकून पुस्तके चाळणारे, वाद घालणारे, पायऱ्यांवर बसून टिपणे काढणारे विद्यार्थी त्याला दिसतील. विद्यापीठ कोठे आहे, हा त्याचा पहिला प्रश्न तेथे सुटतो.