उलट्या पिनची अफवा आणि मदतीला धावणारा दादा

११ ऑगस्ट २०१८, महिन्यातला दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या बँकांच्या एटीएममध्ये काही माणसं एकामागून एक कार्ड घालत होती आणि नोटा मोजून घेत होती. कार्डं पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची वाटत होती, पण सगळी बनावट. ९५ कार्डांवर एकट्या कोल्हापुरातून सुमारे ८९ लाख रुपये काढले गेले, असं पोलीस तपासात पुढे आलं. बँकेवरच्या या सायबर हल्ल्यात देशभरातल्या एटीएममधून अडीच कोटींच्या आसपास रक्कम गेली होती. म्हणजे एक तृतीयांशाहून मोठा वाटा आपल्या गावाचा. त्याच दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले आणि सोमवारी, १३ तारखेला, जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर.

या प्रकरणावर अजूनही चहाच्या टपरीवर एक वाक्य ऐकू येतं: 'लोकांनी पिन सांगितले असणार, दुसरं काय!' तसं झालं नव्हतं. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेच्या यंत्रणेला विचारतं: पिन बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का? ही ने-आण करणारा दुवा म्हणजे 'स्विच'. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून एक खोटा स्विच उभा केला, आणि तो येईल त्या विनंतीला 'हो' म्हणत राहिला. खरा पिन आणि खरी शिल्लक कुणी तपासलीच नाही. म्हणून खातेदारांच्या खात्यांतून ती रक्कम वजा झाली नाही. फटका बँकेला बसला. नोटा काढायला गेलेली माणसं या साखळीतली सर्वांत खालची कडी होती. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

इतकी मोठी चोरी आपल्या गावातून गेली, तरी एटीएमच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की घराघरांतल्या ग्रुपवर फिरतात ते वेगळेच निरोप.

'चोराने धरलं तर पिन उलटा दाबा, पोलीस येतात'

येत नाहीत. भारतातल्या कुठल्याही बँकेत अशी सोय नाही. अमेरिकेत एकाने या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, पण तिथेही बँकांनी ती वापरात आणली नाही. विचार केला तरी गोम लक्षात येते: ज्याचा पिन २५५२ आहे, त्याने उलटा काय दाबायचा? १२३४ उलटा दाबला तर मशीनला तो फक्त चुकीचा पिन दिसतो. आणि गळ्याशी चाकू असताना चुकीचा पिन दाबून चोराला चिडवणं हा शहाणपणा नव्हे. अशा वेळी पैसे द्यावेत आणि जीव वाचवावा.

'कार्ड घालण्याआधी दोनदा कॅन्सल दाबा, पिन चोरीला जात नाही'

हा निरोप रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरतो. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं आहे. मात्र या अफवेच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. काही जुन्या मशीनमध्ये कार्ड आत घालून लगेच बाहेर काढायचं असतं, व्यवहार त्यानंतर चालू राहतो. चोर अशा मशीनचं एखादं बटण डिंकाने किंवा काडीने अडकवून ठेवतात. आपल्याला वाटतं, मशीन बंद पडलं. आपण वैतागून बाहेर पडतो आणि मागून आलेला माणूस अडकवलेलं बटण मोकळं करून आपलाच अर्धवट व्यवहार पुरा करतो. तेव्हा कॅन्सलचं काम शेवटी आहे, आणि एकदाच. पडद्यावर पुन्हा स्वागताचा मजकूर येईपर्यंत जागा सोडायची नाही.

'चांगला माणूस होता हो, मदतच केली त्यानं'

माझ्या मते सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच, कारण तो यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शन जमा झालेली. नाहीतर कारखान्याकडून उसाचं बिल खात्यावर आलेलं. एटीएमपुढे रांग, आत गोंधळलेल्या काकू. मागून आवाज येतो, 'काय ओ काकू, मशीन ऐकंना व्हय? आणा हिकडं, मी बघतो.' पोरगा नीटनेटका, बोलणं आदबीचं. तो कार्ड घेतो, पुसल्यासारखं करतो, मशीनमध्ये घालतो, 'आता पिन टाका' म्हणून तोंडही फिरवतो. पिन त्याने तोवर पाहिलेला असतो. परत देताना हातात येतं ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड. काकू ते पिशवीत टाकतात आणि केएमटीची बस पकडतात. कार्डावरचं नाव कोण वाचतं? पैसे गेल्याचा संदेश येतो तो बहुतेकदा मुलाच्या मोबाइलवर, आणि तोही त्याच्या लक्षात यायला संध्याकाळ होते.

कोल्हापुरात अनोळखी माणसालाही दादा, मामा म्हणायची रीत आहे आणि ती सोडावी असं मी म्हणणार नाही. पण कार्ड दादाच्या हातात द्यायचं नाही, मामाच्याही नाही. बँक उघडी असेल तर आत जाऊन शिपायाला किंवा क्लार्कला विचारावं. कार्ड परत घेताना नाव वाचावं. मशीनशेजारी चिकटवलेला 'मदत क्रमांक'ही खोटा असू शकतो. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो.

'चिपचं कार्ड आहे, त्याची नक्कल होत नाही'

हे अर्धं खरं. चिपची नक्कल करणं अतिशय अवघड आहे, म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत सगळी कार्डं चिपची करायला लावली. पण बहुतेक कार्डांच्या मागे काळी चुंबकीय पट्टी अजून आहे, आणि कार्ड घालायच्या फटीवर चोरांनी बसवलेलं यंत्र, म्हणजे स्किमर, वाचतं ते ती पट्टी. त्या पट्टीवरून बनवलेलं नकली कार्ड जिथे चिप तपासली जात नाही अशा परदेशातल्या यंत्रांवर चालू शकतं. यावरचा उपाय फुकट आहे. ऑक्टोबर २०२०पासून प्रत्येक कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर बंद-चालू करायची आणि रोजची मर्यादा ठरवायची सोय बँकांना द्यावी लागते. ज्यांना इथून पुढे जास्तीत जास्त निपाणीपर्यंत जायचं आहे, त्यांनी परदेशी वापर बंदच ठेवावा. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाकणं मात्र चिप असली तरी सुटत नाही, कारण छुपा कॅमेरा बोटं पाहतो.

'पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले, म्हणजे बुडाले'

बुडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. निघण्याआधी नोटा बाहेर येतात त्या फटीकडे एकदा नीट पाहावं. तिथे पट्टी किंवा टेप चिकटवून नोटा आतच अडकवायच्या आणि आपण गेल्यावर काढून घ्यायच्या, ही जुनी युक्ती आहे. तसं दिसलं तर तिथूनच बँकेला फोन करावा.

'आपली सहकारी बँक, तिला कुठले नियम!'

कोल्हापुरात हे हमखास ऐकू येतं, कारण इथे सहकारी बँकेत खातं नसलेलं घर विरळा. पण ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे जुलै २०१७चे नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही लागू झाले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत दुसरीकडेच भगदाड पडलं, तर बँकेकडून संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची तोशीस. त्यानंतर मात्र बँकेचं धोरण काय म्हणतं त्यावर.

ज्यांनी स्वतःच पिन दिला, ते बहुतेकदा लाजेने गप्प बसतात. तिथेच आणखी पैसे जातात. निष्काळजीपणा ग्राहकाचा असला, तरी त्याच्या डोक्यावर येतं ते बँकेला कळवेपर्यंतचंच नुकसान. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. म्हणून कार्ड आधी बंद करायचं आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करायचा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असताना ती गोठवता येते. चोराने ती रोख काढून घेतली की फार काही उरत नाही.

पिन घरातल्याला दिला तर? बंगळुरूच्या एका महिलेने बाळंतपणाच्या रजेवर असताना नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन २५,००० रुपये काढायला पाठवलं. खात्यातून रक्कम गेली, नोटा आल्या नाहीत. प्रकरण ग्राहक न्यायालयात गेलं आणि २०१८मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला: कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, नवऱ्यालाही नाही. आजीचं कार्ड घेऊन नातू एटीएमवर जातो तेव्हाही कागदावरचा नियम हाच. चालता येत नसेल तर खात्यावर संयुक्त नाव लावून नातवाच्या नावाचं वेगळं कार्ड घेणं सरळ पडतं.

तक्रार तोंडी करून येऊ नये. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा, तारीख-वेळ लिहून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीचा क्रमांक १४४४८. तिथे पहिल्यांदा विचारतात ती बँकेतल्या तक्रारीची तारीख.