धुळीची वेळ गुरुत्वाची, वेग प्रकाशाचा

हंस तारकासमूहात, आपल्यापासून पाच हजारांहून अधिक प्रकाशवर्षांवर, ‘डब्ल्यूआर १४०’ ही ताऱ्यांची जोडी आहे. जेम्स वेब दुर्बिणीने जुलै २०२२ मध्ये तिला अवरक्त प्रकाशात टिपले, तेव्हा तिच्याभोवती एकाबाहेर एक अशी किमान १७ कडी दिसली. ही दुर्बिणीच्या आरशाची करामत तर नव्हे? शंका रास्त आहे. वेबच्या छायाचित्रांत ठळक ताऱ्यांना फुटणारी टोके तशीच असतात. पण चौदा महिन्यांनी पुन्हा पाहिले तर कडी बाहेर सरकलेली होती, सेकंदाला सुमारे २,६०० किलोमीटर वेगाने. आरशाचा दोष असा प्रवास करत नाही. ती कडी म्हणजे काजळीसारख्या कार्बनी धुळीची कवचे आहेत.

कवचे सुटी का, याचे उत्तर कक्षेत आहे. जोडीतला वुल्फ-राये तारा (बाहेरचे थर झपाट्याने उधळणारा तप्त तारा) सूर्याच्या सुमारे दहापट वजनाचा, दुसरा तीसपट. दोघे ७.९३ वर्षांत एक फेरी पुरी करतात, पण कक्षा इतकी लांबट की बहुतेक काळ ते दूरच असतात. दोघांतूनही प्रचंड वेगाने वायू बाहेर पडतो आणि हे वारे मध्येच आदळतात. जवळ येताना तारे तापवणार, मग तिथे धूळ जळून जायला नको का? खरे पाहता निर्णायक ठरते ती घनता. टकरीत दाबला गेलेला वायू जितका दाट, तितकी त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. ताऱ्यांपासून दूर वाहत जाताना तो निवतो आणि वुल्फ-राये ताऱ्याने ओतलेल्या कार्बनचे कण जमतात. तारे लांब गेले की वायू विरळ होतो, उत्पादन थांबते. थोडक्यात, धुळीचे वेळापत्रक गुरुत्वाकर्षण ठरवते.

वेग मात्र एकट्या गुरुत्वाच्या हिशेबात बसत नाही. वाऱ्याचाच वेग धुळीला मिळाला, प्रकाशाला श्रेय कशाला, असे कोणी म्हणेल. प्रकाशाचा दाब पूर्वीपासून माहीत आहे. भौतिकशास्त्रज्ञ पीटर लेबेदेव यांनी तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रयोगशाळेत मोजलाही. पण दूरच्या ताऱ्याभोवती तो काम करताना पकडणे अवघड होते. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या सोळा वर्षांच्या प्रतिमा खगोलशास्त्रज्ञ यिनुओ हान आणि सहकाऱ्यांनी जुळवून पाहिल्या, तेव्हा स्थिर वेगाचे गणित जमले नाही; धूळ सुटल्यानंतरही तिचा वेग वाढत होता. वाऱ्याने दिलेला वेग असा वाढत राहत नाही, ढकलणारे काहीतरी लागतेच. गुरुत्व आणि प्रकाश दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतात, त्यामुळे एकदा कणावर प्रकाश वरचढ ठरला की दूर गेल्यावरही तोच वरचढ राहतो. ही धूळ परत फिरत नाही.

सर्वांत बाहेरची कवचे १३० वर्षांहून जुनी आहेत, म्हणजे प्रखर उजेडातही ती टिकली आहेत. यापुढचे तारे जवळ येण्याचे वर्ष २०३२.