सान इसिद्रोचे बैल

माद्रिदचा रक्षक संत सान इसिद्रो हा मुळात औत हाकणारा सालगडी. अकराव्या-बाराव्या शतकात तो हुआन दे वार्गास नावाच्या जमीनदाराकडे राबायचा. कामापेक्षा त्याचं चित्त प्रार्थनेत जास्त, अशी बाकीच्या गड्यांची कागाळी. मालक शहानिशा करायला शेतावर गेला, तर इसिद्रो गुडघे टेकून बसलेला आणि त्याचं औत देवदूत हाकतायत, अशी कथा तिकडे सांगतात. मला ती ऐकून फारसं नवल वाटलं नाही. जनीसोबत दळायला बसणारा आणि चोख्यासोबत ढोरं ओढणारा देव आपल्याकडे आहेच. माद्रिदच्या देवाने दूत पाठवले, आपला स्वतः आला, एवढाच फरक.

या इसिद्रोला 1622 साली रोममध्ये संतपद मिळालं. त्याच समारंभात ते फ्रान्सिस झेवियरलाही मिळालं, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. 15 मे हा इसिद्रोचा दिवस. त्या दिवशी माद्रिदचे लोक नदीपलीकडच्या त्याच्या माळावर जत्रेला जातात, त्याच्या झऱ्याचं पाणी पितात, आणि ‘बावळट’ व ‘शहाणी’ अशा दोन जातींची गोड कडी खातात. शहाणीवर साखरेचा थर असतो, बावळट कोरडी. इथवर सगळं आपल्या उरुसा-जत्रांसारखंच. पण 1947 पासून याच संताच्या नावाने माद्रिदमध्ये बैलझुंजींचा हंगाम भरतो. जवळजवळ महिनाभर, जवळजवळ रोज, संध्याकाळी सहा वळू. नांगऱ्याच्या नावाने जगातली सगळ्यात मोठी कोरिदांची, म्हणजे बैलझुंजींची मालिका का चालावी, हे मी तिकडे बऱ्याच जणांना विचारलं. त्यात काही विसंगत आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

मी आष्टीची. आष्टी म्हटलं की लोक बीड गाठतात, फार तर वर्ध्याची हुतात्म्यांची आष्टी आठवतात. आमची जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. माद्रिदला शिकायला गेले तेव्हा शेतीचा विषय आणि शेतकऱ्याचं घर असं दोन्ही असल्यामुळे वर्गातल्या मित्रांनी मला गुरांची जाणकार ठरवून टाकलं होतं. मे 2024 च्या अखेरीस आम्ही तिघं लास व्हेंतासला, माद्रिदच्या बैलझुंजीच्या मैदानात गेलो. एक मैत्रीण सालामांकाकडची, जिथे ओकच्या माळरानांवर झुंजीचे वळू वाढतात. एक मित्र कोलंबियाचा. त्याला हा प्रकार मनापासून नकोसा होता, पण न बघता शिव्या देणं त्याला पटत नव्हतं.

लास व्हेंतास म्हणजे लाल विटांची, नालाकृती कमानींची प्रचंड गोल इमारत. 1931 साली ती सुरू झाली. सुमारे 23 हजार माणसं मावतात. तिकिटाचा दर ठरतो तो उन्हावर. सावलीची जागा महाग, उन्हाची स्वस्त, आणि आधी ऊन मग सावली अशीही एक मधली वर्गवारी आहे. आम्ही अर्थातच उन्हात, अगदी वरच्या मजल्यावर. पायऱ्या दगडी, म्हणून बसायला उशी भाड्याने मिळते. बाहेर अलेक्झांडर फ्लेमिंगचा पुतळा आहे. बैलझुंजीच्या दारात पेनिसिलिनचा शोध लावणारा काय करतोय, असं वाटतं. पण शिंगाची जखम खोल आणि घाण असते, पूर्वी मातादोर, म्हणजे वळूशी झुंजणारे, त्या जखमेपेक्षा तिच्यात होणाऱ्या पुवाने जास्त मरत. औषध आलं, माणसं वाचू लागली, आणि 1964 साली झुंजीवाल्यांनीच कृतज्ञतेने हा पुतळा बसवला. वळूची बाजू घेणाऱ्यांनी फ्लेमिंगबद्दल काय म्हणावं, हा प्रश्न मी तिथेच सोडला.

एका संध्याकाळी तीन मातादोर, प्रत्येकाच्या वाट्याला दोन वळू, एकेकाला सुमारे वीस मिनिटं. प्रत्येक वळू येण्याआधी पाटी दाखवतात. तिच्यावर त्याचं नाव, वजन आणि जन्माचा महिना असतो. वय चार ते सहा वर्षं, आणि अशा पहिल्या दर्जाच्या मैदानात वजन किमान 460 किलो लागतं. नाव बहुधा आईच्या नावावरून पडतं, कारण धाडस आईकडून येतं असं पैदासकार मानतात. म्हणून पारख होते ती गाईंची. वळूपुढे मात्र जमिनीवर उभा माणूस आणि कापड त्या दिवसाआधी येऊ देत नाहीत. तो फार लवकर शिकतो. एकदा शिकलेला वळू कापड सोडून माणसावर जातो. सगळा खेळ त्याच्या या अडाणीपणावर उभा आहे, हे मला आमच्या मैत्रिणीने सांगितलं, आणि तिच्या आवाजात त्याबद्दल आदर होता.

खेळाचे भाग तीन. आधी घोड्यावरचे भालेवाले वळूच्या मानेमागच्या वशिंडासारख्या उंचवट्यात भाला रोवतात, म्हणजे तो मान खाली धरू लागतो. घोड्याच्या डोळ्यावर पट्टी आणि अंगावर जाड गादीचं चिलखत असतं. हे चिलखत 1928 पासून सक्तीचं झालं. त्याआधी घोड्यांची आतडी वाळूत पडायची आणि लोक तेही बघायचे. मग रंगीत कागद गुंडाळलेल्या, टोकाला आकडा असलेल्या काठ्यांच्या जोड्या पाठीत टोचतात. शेवटी मातादोर एकटा, हातात छोटं लाल कापड आणि तलवार. गुरांना लाल रंग वेगळा ओळखू येत नाही, ती हालचालीवर धावतात. लाल आहे ते प्रेक्षकांसाठी.

पहिल्या वळूला मी डोळे मिटले. दुसऱ्याला मिटले नाहीत, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. कारण त्या माणसात काहीतरी होतं. पाय न हलवता, पोटाजवळून शिंग जाऊ देत, तो इतक्या सावकाश कापड फिरवत होता की अर्धा टन जनावर त्याच्या मनगटाच्या गतीने चालू लागलं. तेवीस हजार लोक एका श्वासात ‘ओले’ म्हणाले. मीही म्हटलं असेन. मग तलवार नीट बसली नाही. दुसरा प्रयत्न, तिसरा. कौशल्य संपल्यावर उरतो तो खाटिकखाना, आणि तोही कच्च्या हाताचा. कोलंबियाचा मित्र उठून जिन्यात जाऊन बसला.

पाचवा वळू मैदानात आला तोच मागच्या पायाने लंगडत. लोकांनी शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा सुरू केला. झुंजीच्या अध्यक्षाने कठड्यावर हिरवा रुमाल टाकला, म्हणजे वळू परत. दार उघडलं आणि घंटांचा आवाज आला. ठिपक्याठिपक्यांचे मोठाले बैल कळपाने आत शिरले. हे खच्ची केलेले, माणसाळलेले. त्यांचं काम एकच, बिथरलेल्या वळूला मधे घेऊन बाहेर नेणं. घंटांच्या त्या आवाजाने मला थेट आमच्या गल्लीतून निघालेला पोळा आठवला. बाशिंगं, झुली, शिंगांचा हिंगूळ, पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी असलेली आई. एक मिनिटापूर्वी फळ्या फोडणारा तो वळू बैलांच्या मधोमध उभा राहिला, हुंगलं, आणि त्यांच्या चालीने चालू लागला. त्या संध्याकाळी मला सगळ्यात सुंदर वाटलं ते हे, आणि लोक याच वेळात बिअर आणायला गेले होते. मैत्रिणीला विचारलं, आता त्याला सोडणार? ती म्हणाली, मागच्या आवारात मारतील. नियम आहे. बदली वळू तयार असतो.

रात्री जेवताना वाद झाला. त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला स्पेनच्या संस्कृतिमंत्र्यांनी बैलझुंजीचा राष्ट्रीय पुरस्कार रद्द केल्याचं जाहीर केलं होतं, आणि महिनाअखेरीस कोलंबियाच्या संसदेने तिकडची बंदी मंजूर केली. तीन वर्षांच्या सवलतीनंतर ती पूर्ण लागू व्हायची आहे. कातालोनियाने 2010 मध्ये बंदी केली, घटना न्यायालयाने ती 2016 मध्ये मोडली, तरी बार्सिलोनात कोरिदा परतली नाही. म्हणजे कायदा हरला आणि बंदी टिकली. मैत्रिणीचं म्हणणं असं, की झुंज संपली तर ही जातच संपेल. माळरानं विकली जातील, कारण कोरिदेशिवाय हा वळू कोणी पाळणार नाही. यात तथ्य आहे. पण जात टिकवायला त्यातल्या प्रत्येकाला असं मारलंच पाहिजे, हे मला पटत नाही.

मी फुशारकीने आपलं सांगायला घेतलं. गोव्यात धिरयो, म्हणजे बैला-बैलांच्या झुंजी होत्या, पण त्यात माणूस नाही, तलवार नाही, जो बैल पाठ फिरवेल तो हरला. त्याही उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात बंद केल्या, चोरून भरतात ते वेगळं. आमच्याकडे शंकरपट, पुण्याकडे घाटातल्या बैलगाडा शर्यती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 ला बंदी आणली, महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. चाबूक, काठी, विजेचा झटका, सगळं नियमात बंद.

‘आणि नियमाबाहेर?’ मित्राने विचारलं. मी पाणी प्यायले. मग मैत्रिणीचा प्रश्न: ‘बैल म्हातारा झाला की काय करता?’

खरं उत्तर लांबलचक होतं. पूर्वी बाजारात व्यापारी घ्यायचा आणि पुढचं कोणी विचारायचं नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तलही गुन्हा आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही. दुष्काळात कडबा विकत आणून दोन जिवांना पोसायचं, की भाड्याचा ट्रॅक्टर लावायचा? आमच्या आळीत एकेकाळी दारोदार जोडी होती. आता पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरं जास्त. लाल कंधारी जात बघायची तर लोक नांदेडकडे, माळेगावच्या जत्रेला जातात. आम्ही बैलाला रिंगणात मारत नाही, हे मी ठामपणे सांगितलं. बाकीचं सांगताना माझं स्पॅनिश अडखळलं, आणि त्याला भाषा जबाबदार नव्हती.

रविवारी घरी फोन केला. आईने मधेच ‘पुरे बाई’ म्हणून फोन अण्णांकडे दिला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वजन विचारलं, शिंगं कशी होती विचारलं, रंग विचारला. मी म्हटलं, चार-पाच वर्षं माळावर मोकळे वाढवतात, चारा, धान्य, डॉक्टर, सगळं.

‘औताला?’

‘नाही अण्णा. कधीच जुंपत नाहीत.’

‘गाडीला?’

‘नाही.’

‘आगं, मंग पाच वर्सं नुसतं उभ्यानं खाऊ घालत्यात?’ तलवारीचं त्यांना जेवढं वाटलं नव्हतं तेवढं याचं वाटलं. थोडा वेळ हिशेब करत असावेत. मग म्हणाले, ‘तिकडं कडबा काय भाव हाय?’