डिझाइनचे काम मिळते, पण पैसे?

आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांत आता ग्राफिक डिझाइन शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. कोणी सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकले, कोणी खासगी क्लासात सहा महिन्यांचा कोर्स केला, तर कोणी घरीच बसून फोटोशॉप आणि कोरलड्रॉवर हात बसवला. नोकरी नको, स्वतंत्रपणे कामे घ्यायची, असे या मुलांचे म्हणणे. आईवडिलांचे म्हणणे असे की रात्रीपर्यंत संगणकापुढे बसलेला दिसतो, पण पासबुकात काही दिसत नाही.

दोघांचेही खरे आहे. आम्ही चित्रकार नव्हे. बँकेत छोट्या धंद्यांच्या कर्जाचे अर्ज आणि हिशेब तपासण्यात आमची नोकरी गेली. त्या अनुभवावरून इतके सांगता येते की काम मिळणे आणि कामाचे पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हातातल्या कलेवर चालते, दुसरी कागदावर. आपल्या मुलांना पहिली कोणीतरी शिकवते, दुसरी सहसा कोणीच शिकवत नाही.

आधी काम कुठे आहे ते पाहू. नवा डिझाइनर बहुधा इन्स्टाग्रामवर पाने सजवून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. आमच्या मते बडोद्यात त्याने आधी छापखान्यांत जावे. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतल्या छापखानेवाल्यांकडे रोज माणसे येतात ती छपाई करून घ्यायला, आणि त्यांतल्या अर्ध्यांकडे छापण्याजोगी फाईल नसते. मालकाने ठेवलेला एक ऑपरेटर त्यातून कसाबसा मार्ग काढतो. जो डिझाइनर सीएमवायके रंगांत, तीनशे डीपीआयला, कडेने तीन मिलिमीटर ब्लीड सोडून, अक्षरांचे कर्व्ह करून फाईल देतो, त्याला छापखानेवाला पुन्हा बोलावतो, कारण त्याचा कागद आणि वेळ वाया जात नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा महिन्यातून चारदा बोलावणारा छापखाना जास्त उपयोगाचा.

दुसरी जागा म्हणजे खाद्यपदार्थांचे छोटे उत्पादक. लीलो चेवडा, भाखरवडी, खाकरा, मसाले, लोणची यांची आपल्या शहरात कमी नाही. पाकीट नुसते सुंदर असून त्यांचे भागत नाही. पॅकबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची तो संपर्क, हे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे द्यावे लागते. वजनाचे आकडे किती उंचीचे हवेत तेही ठरलेले आहे. शिवाय खाद्यपदार्थ म्हटल्यावर घटकांची यादी, पोषणमूल्ये, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत भरीव हिरवे वर्तुळ. मोठ्या प्रमाणावर पाकिटे छापताना प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. त्यात परवान्याचा एक आकडा चुकला तर सिलिंडर आणि छापलेले रोल दोन्ही भंगारात. म्हणून जो डिझाइनर शेठला पहिल्याच भेटीत विचारतो, ‘परवान्याची प्रत आणि पोषणमूल्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का?’ त्याच्याकडे शेठ वेगळ्या नजरेने पाहतो. हे ज्ञान फुकट मिळते, नियम सरकारी संकेतस्थळांवर आहेत, फक्त चार दिवस बसून वाचायला हवेत.

मकरपुरा आणि वाघोडियाच्या जीआयडीसीतल्या कारखान्यांना माहितीपत्रके, यंत्रांवरच्या सूचनापट्ट्या, प्रदर्शनातल्या स्टॉलचे फलक लागतात. हे काम दिसायला रुक्ष, पण नियमित असते आणि बिल कंपनीच्या नावावर निघते. आपली मुले याकडे फारशी वळत नाहीत. त्यांना कॅफेचे बोधचिन्ह करायचे असते.

तिसरी गोष्ट आपल्या घरातच आहे. आपल्या मुलांना मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात, दोन्ही लिप्या वाचता येतात. या भांडवलाची त्यांना किंमत नसते. गुजराती छापखान्यात मराठी लग्नपत्रिका दिली की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होऊन येते, आणि मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाचे होतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे एकाच फलकावर दोन्ही लिप्या शेजारी आल्या की एक जड आणि एक हलकी दिसते. दोन्हींचा तोल सांभाळणारे अक्षर निवडणे हे काम आहे आणि त्याचे पैसे मागता येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्त आणि बलू ही अक्षरकुळे देवनागरी व गुजराती दोन्हींत केली आहेत, आणि ती खुल्या परवान्यावर मिळतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कामात वापरायला वेगळी फी नाही. चोरीचा फॉन्ट वापरून कंपनीचे काम करणे मात्र धोक्याचे, उद्या नोटीस आली तर ती कंपनीकडे जाईल आणि कंपनी डिझाइनरकडे बोट दाखवेल. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे हाताने रेखून अक्षरांकडे पाहायला एका पिढीला शिकवले. ती नजर मराठी घरातल्या मुलाला सहज मिळते.

परदेशी संकेतस्थळांवरून कामे मिळतात, नाही असे नाही. पण दलाली आधी पाहावी. फायव्हर विकणाऱ्याच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. परदेशातून पैसे आले की ते कशाचे, हे बँकेला सांगावे लागते. ते योग्य शब्दांत सांगावे आणि आवक रकमेचा दाखला मागून फाईलला लावावा.

स्पर्धांबद्दल आमचे मत कडू आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हाची खुली स्पर्धा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी जिंकली, बक्षीस ५० हजार रुपये होते. आपल्याला अभिमानच आहे. पण स्पर्धेत पैसे एकाला मिळतात, राबतात सगळे. वर्षातून एखाद्या वेळी हौस म्हणून भाग घ्यावा, उत्पन्नाचा मार्ग समजू नये. ‘आधी दोन-तीन नमुने करून दाखवा, आवडले तर काम देऊ’ म्हणणारे गिऱ्हाईकही स्पर्धाच लावत असते, फक्त बक्षिसाविना. अशांना जुने काम दाखवावे. जुने काम नसेल तर ओळखीच्या दुकानाचे पाकीट किंवा फलक सुधारून कसा दिसेल ते स्वतःहून करून ठेवावे, आणि तो सराव आहे असे खाली लिहावे.

आता दर. मुले दर ठरवतात ते शेजारचा किती घेतो यावरून. आम्ही कर्जाच्या अर्जात पाहायचो तसे उलट्या टोकाने पाहावे. समजा महिन्याचा घरखर्च २४ हजार. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर मिळून ४ हजार. संगणक ९० हजारांचा आणि तीन वर्षांनी बदलायचा, म्हणजे महिन्याला अडीच हजार. कर आणि कामे नसलेले महिने यांसाठी साडेपाच हजार. एकूण ३६ हजार झाले. महिन्यात खरोखर बिल लावता येईल असे तास ८० धरावेत, बाकी वेळ भेटीगाठी, फोन आणि फेऱ्यांत जातो. म्हणजे तासाला ४५० रुपये. एका बोधचिन्हाला दोन दुरुस्त्यांसह २० तास लागले तर ९ हजार. गिऱ्हाईक म्हणेल, ‘अहो, पाच मिनिटांचं काम, पाचशे घ्या.’ हा हिशेब पाठ असला की त्या वेळी आवाज खाली जात नाही. काम कमी करून दर कमी करता येतो, ९ हजारांचेच काम पाचशेत करता येत नाही.

मग कागद. कोटेशन एका पानाचे असले तरी चालते. काय देणार, किती पर्याय, किती वेळा दुरुस्ती, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला किती, मजकूर कोण देणार, कधीपर्यंत, आणि पैसे कसे, इतके त्यात हवे. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. आगाऊ रकमेने गिऱ्हाइकाची नियत कळते, हे आम्ही कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. छपाईला जाण्यापूर्वी प्रूफवर सही, नाहीतर निदान ईमेलने ‘मंजूर’ असे लेखी घ्यावे. फोनवरच्या ‘चालेल’ला अर्थ नाही. उरलेली रक्कम आल्यावरच मूळ फाईल द्यावी, तोपर्यंत कमी दर्जाची, वर खूण असलेली प्रत.

मूळ फाईलच्या मागे कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा असतो, पण स्वतंत्र डिझाइनरने केलेल्या बोधचिन्हाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे त्याचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. म्हणून कोटेशनमध्येच लिहावे की पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क कायमचे दिले जातील. गिऱ्हाइकालाही ते हवेच असते, उद्या ट्रेडमार्क नोंदवताना त्याला हा कागद लागतो.

एवढे करूनही काही जण पैसे अडकवतात. इथे एक हत्यार आहे, जे आपल्या मुलांना माहीत नसते. उद्यम नोंदणी करावी. आधार आणि पॅनवर ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाण्याचे कारण नाही. नोंदणी झालेल्या सूक्ष्म व्यावसायिकाला, सेवा देणाऱ्यालासुद्धा, २००६ चा एमएसएमई कायदा लागू होतो. लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ती राज्याच्या परिषदेपुढे जाते. परिषदेपर्यंत जायची वेळ सहसा येऊ नये. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे थकवलेले बिल प्रत्यक्ष फेडले जाईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला की कंपनीचा अकाउंटंट मार्च संपण्याआधी आपणहून फोन करतो. मात्र नोंदणी कामाआधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली कामाला येत नाही.

करांचे थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. कंपनीने टीडीएस कापला तर रक्कम बुडाली असे समजू नये, ती पॅनखाली जमा दिसते आणि विवरणपत्र भरले की वळती होते किंवा परत मिळते. विवरणपत्र उत्पन्न कमी असले तरी दरवर्षी भरावे. पुढे घराचे किंवा यंत्राचे कर्ज मागताना बँक आधी तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, पोर्टफोलिओ नाही. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे.

राहता राहिले नातेवाईक, आणि आपण सगळेच. गणेशोत्सवाचा फलक, मुंजीची पत्रिका, भाच्याच्या दवाखान्याची पाटी, ही कामे ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून होतात. गणेशोत्सवाच्या फलकाचे मानधन मंडळाच्या अंदाजपत्रकात मांडववाल्याच्या ओळीखाली यावे, असे आमचे मत आहे आणि पुढच्या सभेत ते मांडणार आहोत. नात्यातल्या कामाला मुलांनी नाही म्हणू नये, पण बिल जरूर करावे: पत्रिका, दोन भाषांत, ६,००० रुपये. त्याखाली, वजा आहेर ६,००० रुपये. देणे शून्य. मावशीला पत्रिका फुकट मिळते, आणि पुढच्या महिन्यात तिच्या शेजारणीला भाव विचारावा लागत नाही.