बालकांतील पांडुता आणि लोहाची मोजणी

नेत्र, नखे व जिव्हा यांचे परीक्षण करून पांडुता ओळखणे ही आपणा वैद्यांची नित्याची पद्धती होय. चरकाचार्यांनी पांडूच्या पाच प्रकारांत मृद्भक्षणजन्य पांडूची स्वतंत्र गणना केली आहे. अकोले तालुक्यातील भंडारदरा, घाटघर, राजूर या डोंगरपट्ट्यात बाळ माती खात असल्याची तक्रार घेऊन माता आजही येतात. परंतु डोळ्यांना फिकटपणा दिसेपर्यंत शरीरातील लोहाचा साठा बराच आधी रिता झालेला असतो. प्रथम साठा घटतो, मग रक्तातून वाहिले जाणारे लोह उणे पडते आणि अखेरीस हिमोग्लोबिन उतरते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः मिळालेला साठा जेमतेम चार ते सहा महिने पुरतो, मातेच्या दुधात लोह अत्यल्प असते, आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच पहिल्या दोन वर्षांत. म्हणून या वयातील मोजणीस आम्ही विशेष महत्त्व देतो.

केवळ हिमोग्लोबिन पाहून लोहाविषयी निर्णय करणे किती फसवे ठरते, हे दोन राष्ट्रीय पाहण्यांवरून दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 6 ते 59 महिने वयाच्या 67.1 टक्के भारतीय बालकांत रक्ताल्पता आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण 68.9 टक्के होते. तत्पूर्वी 2016-18 च्या व्यापक राष्ट्रीय पोषण पाहणीत 1 ते 4 वर्षे वयोगटात ते सुमारे 41 टक्के निघाले. वयोगट व काळ भिन्न आहेत हे खरे. पण पहिल्या पाहणीत बोटाच्या टोकाचा थेंब घेतला होता, दुसरीत शिरेतील रक्त. बोट दाबून पिळले की ऊतींतील द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा बिघडतो. त्याहून महत्त्वाचे असे की, दुसऱ्या पाहणीत रक्ताल्पता असलेल्या लहान बालकांपैकी एकतृतीयांशाहून थोड्याच अधिक बालकांत लोहाची कमतरता हे कारण आढळले. उरलेल्यांना नुसता लोहकल्प देऊन काय साधणार?

साठा कळतो तो सीरम फेरिटिनवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांखालील निरोगी बालकात फेरिटिन 12 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असल्यास लोहाची कमतरता मानावी. मात्र ज्वर, कास, अतिसार यांत फेरिटिन स्वतःच वाढते. आमच्या मते भंडारदऱ्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात हीच खरी मेख आहे, कारण पावसाळ्यात निरोगी मूल सापडणेच कठीण. म्हणून त्याच नमुन्यातून सीआरपी अवश्य करवावी. ती 5 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा अधिक असेल तर फेरिटिनची मर्यादा 30 धरावी. तीन वर्षांच्या बालकाचे फेरिटिन 22 आणि सीआरपी 18 असेल, तर अहवाल वरकरणी निर्दोष दिसूनही ते बालक लोहहीनच समजावे. शक्य असल्यास ज्वर उतरल्यावर दोन-तीन आठवडे थांबून रक्त घ्यावे. काही प्रयोगशाळा सीआरपी डेसिलिटरमध्ये लिहितात, तेथे 0.5 म्हणजेच 5. अहवालावर छापलेली सामान्य मर्यादा पुष्कळदा प्रौढांची असते, तिच्यावर विसंबू नये.

हिमोग्लोबिनचा आकडाही स्थानानुसार वाचावा लागतो. 2024 च्या सुधारित मार्गदर्शनात 6 ते 23 महिन्यांसाठी मर्यादा 10.5 ग्रॅम, तर दोन ते पाच वर्षांसाठी 11 ग्रॅम प्रतिडेसिलिटर आहे. समुद्रसपाटीपासून 500 ते 999 मीटर उंचीवर राहणाऱ्यांच्या आकड्यातून 0.4 वजा करावे, असेही त्यात सांगितले आहे. भंडारदरा सुमारे 750 मीटरवर आहे. तेव्हा येथील तीन वर्षांच्या बालकाचे 11.2 हे हिमोग्लोबिन प्रत्यक्षात 10.8 ठरते, आणि निरोगी वाटणारे मूल पांडुतेच्या रेषेखाली जाते.

नमुना संगमनेर वा नाशिकला पाठवावा लागला तरी अडचण मोठी नाही. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेऊन सीरम वेगळे केले व शीतपेटीत ठेवले, तर फेरिटिन काही दिवस टिकते. खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. प्रत्येक बालकास ही तपासणी परवडणार नाही. शासकीय कार्यक्रमात अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा मिळणारे लोह व फॉलिक आम्लाचे द्रावण (1 मिलिलिटर, त्यात 20 मिलिग्रॅम लोह) तपासणीवाचूनच द्यावयाचे असते. ते थांबवू नये. मंडूर वा लोहभस्माचा कल्प त्यावर जोडण्यापूर्वी, तसेच महिनाभर लोह देऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही तर, फेरिटिन करवावे.

रक्तकण लहान, हिमोग्लोबिन कमी, पण सीआरपी सामान्य असताना फेरिटिन पुरेसे असेल, तर थॅलेसीमियाचा विचार करून हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी एचपीएलसी चाचणी करवावी. आदिवासी कुटुंबातील बालकात सिकल सेलचीही चाचणी करून घ्यावी. 2023 पासून राष्ट्रीय अभियानात तिचा समावेश आहे. या चाचण्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत अशा बालकास लोहकल्प सुरू करू नये.