महाकाय अश्वपुच्छ

अंगठ्याएवढ्या जाडीचा पोकळ दांडा तीन पुरुष उंच कसा उभा राहतो? चिली, अर्जेंटिना वगैरे देशांत ओढ्याकाठच्या पाणथळ जागी वाढणाऱ्या महाकाय अश्वपुच्छ वनस्पतीचे कोडे हेच होय. तिला ना फूल, ना बीज. तिचा विस्तार सूक्ष्म बीजुकांनी व भूमीखालील आडव्या खोडाने होतो. दांड्याच्या सालीत वाळूचे द्रव्य, म्हणजे सिलिका, असते. तरीही ५ मीटर उंचीचा एकटा दांडा वाकतो. शेजाऱ्यांच्या फांद्यांत फांद्या गुंतवूनच तो तग धरतो. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे तिचे आप्त, कॅलामाईट वृक्ष, स्वतःच्या काष्ठबळावर उभे असत. ते नामशेष होऊन त्यांचा दगडी कोळसा झाला. ही परस्परांच्या आधाराने अद्याप उभी आहे. मात्र बीजुकांतून नवे रोप होण्यास ओल हवीच. म्हणून काठचे पाणी राखणे, हेच ह्या प्राचीन कुळाचे रक्षण होय.